आधी गाणं, मग विमान : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जाता जाता फ्रेंच गायिका एदित पिआफचं नुसतं नाव घेतलं काय आणि पत्रांचा ढीग लागला काय! निम्म्या पत्रांत तर एकच व्हॉट्सॲप मेसेज चिकटवलेला आहे. म्हणून या महिन्यात बाकी सगळे प्रश्न बाजूला ठेवलेत (हार्मोनियम दुरुस्तीवाल्या काकांनी जरा धीर धरावा, तुमचं पत्र हरवलेलं नाही) आणि अख्खं पान पिआफबाईंना दिलंय.

ठाण्याहून एक वाचिका: पॅरिस ऑलिंपिकच्या ओपनिंगला सेलिन दिओनने आयफेल टॉवरवरून पावसात गाणं म्हटलं ना, ते बघून मी ढसाढसा रडले, शब्द एक कळला नाही तरी. मग आमच्या भिशीच्या ग्रुपवर मेसेज आला की हे गाणं मुळात पिआफचं, आणि तिचा प्रियकर विमान अपघातात गेला त्या रात्री तिने ते रडत रडत लिहिलं. हे खरंय का हो?

ताई, विमान खरं, प्रियकर खरा, रडणंही खरं. फक्त मेसेज लिहिणाऱ्याने क्रम उलटा लावलाय. गाणं आधीच झालं होतं.

गाण्याचं नाव 'इम्न आ लामूर', म्हणजे प्रेमाचं स्तोत्र. शब्द पिआफचे स्वतःचे, चाल मार्गेरित मोनो नावाच्या बाईंची (त्यांच्याबद्दल खाली येतंच आहे). पिआफने ते लोकांसमोर पहिल्यांदा म्हटलं १४ सप्टेंबर १९४९ ला, न्यूयॉर्कच्या 'व्हर्साय' नावाच्या नाइटक्लबात, म्हणजे नाव राजवाड्याचं पण जागा खाण्यापिण्याची. आणि ज्याच्या प्रेमात ते लिहिलं तो बॉक्सर मार्सेल सेर्दां तेव्हा धडधाकट होता, व्यायाम करत होता, पुढच्या लढतीची तयारी करत होता. अपघात झाला २८ ऑक्टोबरला. मधे सहा आठवडे गेलेत.

आता गाण्यात काय आहे ते सांगते, कारण त्याशिवाय यातली खरी गंमत, गंमत म्हणवत नाही पण दुसरा शब्द सुचत नाहीये, कळणार नाही. सुरुवात अगदी प्रेमात बुडालेल्या माणसाची. वरून आभाळ कोसळू दे, खालची जमीन खचू दे, तुझं प्रेम आहे ना, मग मला काय त्याचं. मग बाई यादीच काढते, तू म्हणालास तर जगाच्या टोकाला जाईन, केस सोनेरी रंगवीन, चंद्र काढून आणीन, चोरी करीन, देश सोडीन, मित्रांना ओळख दाखवणार नाही. यातलं केस रंगवायचं मला फार आवडतं. चंद्र आणून देणारे कवी पैशाला पासरी आहेत हो, पण तू म्हणालास तर केस रंगवून घेईन हे म्हणायला खरोखर प्रेमात पडलेली बाई लागते. आणि मग शेवटचं कडवं येतं. उद्या आयुष्याने तुला माझ्यापासून हिसकावलं, माझ्यापासून लांब असताना तू मेलास, तरी बिघडत नाही, कारण मग मीही मरणारच आहे, आणि वर त्या अथांग निळ्यात आपल्याला अख्खा अनंतकाळ मिळेल, प्रेम करणाऱ्यांना देव परत एकत्र आणतो.

लांब असताना मेलास तर. हे तिने तो जिवंत असताना लिहिलं, त्याच्यावर जीव टाकत असताना लिहिलं, आणि न्यूयॉर्कमध्ये म्हणून पण दाखवलं.

पुढचं असं. सेर्दांला डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये लढायचं होतं, तो बोटीने निवांत येणार होता. पिआफ तिकडे एकटी, तिला दम निघेना, बोटीला फार दिवस लागतात, विमानाने ये, लवकर ये, अशी तिने त्याला गळ घातली असं तिची बहुतेक सगळी चरित्रं सांगतात. २७ ऑक्टोबरच्या संध्याकाळी पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरून एअर फ्रान्सचं कॉन्स्टेलेशन विमान निघालं. विमान फुल्ल होतं, सेर्दां आणि त्याच्याबरोबरची दोन माणसं यांना जागा करून देण्यासाठी काही प्रवाशांना मागे ठेवलं, त्यात हनीमूनहून घरी परतणारं एक जोडपंही होतं. तेव्हाची विमानं पॅरिसहून न्यूयॉर्कला एका दमात जात नसत, वाटेत आझोर्स बेटांपैकी सांता मारियाला उतरून तेल भरायचं होतं. ते तिथे पोचलंच नाही, पहाटेच्या अंधारात शेजारच्या साओ मिगेल बेटावरच्या डोंगरावर जाऊन आदळलं. ४८ माणसं होती, एकही वाचलं नाही. त्यात झिनेत नव्हू पण होती, त्या काळातली युरोपातली फार मोठी व्हायोलिनवादक, वय फक्त ३०, आणि तिच्या साथीला पियानो वाजवणारा तिचा भाऊ. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतवाले आजही ही तारीख नव्हूची म्हणून लक्षात ठेवतात, आणि बाकी जग सेर्दांची म्हणून.

त्याच रात्री पिआफचा व्हर्सायला कार्यक्रम होता. ती गायला उभी राहिली. आज मी फक्त मार्सेलसाठी गाणार म्हणाली. हे गाणं म्हणता म्हणता ती स्टेजवरच कोसळली असं सांगतात.

मग लोकांना क्रम उलटा का वाटतो? साधं आहे. सप्टेंबरात ते गाणं न्यूयॉर्कच्या एका क्लबातल्या टेबलांवर बसलेल्या लोकांनी ऐकलेलं. रेकॉर्ड झालं मे १९५० मध्ये. म्हणजे फ्रान्सच्या घराघरांत ते रेडिओवर वाजायला लागलं तेव्हा सेर्दां जाऊन सहा-सात महिने झाले होते आणि ती बातमी पोराटोरांना माहीत होती. मग ऐकणारा काय म्हणणार, बिचारीने त्याच्या आठवणीत लिहिलं. पिआफनेही पुढे आयुष्यभर ते त्याचंच गाणं म्हणून गायलं, त्यामुळे गैरसमज दूर व्हायची शक्यताच उरली नाही. मला विचाराल तर खरा क्रम जास्त अंगावर येतो. मेल्यावर शोकगीत कोणीही लिहील.

आणि सेलिन दिओनचं म्हणाल तर तुमचं रडणं चुकीच्या जागी नव्हतं. २०२० नंतर ती लोकांसमोर गायलीच नव्हती, स्नायू आखडून धरणारा एक दुर्मीळ आजार झाल्याचं तिने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितलं होतं, आणि मग २६ जुलै २०२४ ला एकदम आयफेल टॉवरचा पहिला मजला, शेजारी ग्रँड पियानो आणि त्यावर पावसाचे थेंब. बाकी गाणं तिला नवीन नव्हतं, २०१५ मध्ये पॅरिसवर हल्ले झाले त्यानंतर लॉस एंजेलिसमध्ये तिने हेच म्हटलं होतं.

कोल्हापूरहून एक वाचक: तुमचं ते गाणंबिणं ठीक आहे, पण हा सेर्दां बॉक्सर म्हणून कितपत होता ते सांगा. का नुसता हिरॉइनच्या नादाने फेमस?

कोल्हापूरकर काय विचारणार ते माहीतच होतं. नाही हो, उलट आहे, दोघांची भेट झाली तेव्हा फ्रान्समध्ये तोही तिच्याइतकाच गाजलेला होता.

सेर्दांचा जन्म १९१६ चा, अल्जीरियातल्या सिदी बेल आब्बेसचा, वाढला मोरोक्कोत कासाब्लांकाला. त्यामुळे त्याला 'मोरोक्कोचा बाँबर' म्हणत. मिडलवेट या वजनगटात लढायचा. २१ सप्टेंबर १९४८ ला न्यू जर्सीत त्याने टोनी झेलला हरवून जगज्जेतेपद घेतलं, अकरा राउंडनंतर झेल बाराव्याला उठलाच नाही. महायुद्धात जर्मनांनी तुडवलेल्या, उपाशी काढलेल्या देशाचा गडी अमेरिकेत जाऊन अमेरिकन चँपियनला बसवतो, म्हणजे फ्रान्समध्ये काय दिवाळी झाली असेल ते तुम्हाला मी सांगायला नको, गदा जिंकून आलेल्या पैलवानाची मिरवणूक तुम्ही बघितलेली आहे.

पद टिकलं नऊच महिने. जून १९४९ मध्ये डेट्रॉइटला जेक लामोटाशी गाठ पडली (तोच लामोटा, ज्याच्यावर पुढे रॉबर्ट डी निरोचा सिनेमा निघाला). पहिल्याच राउंडला सेर्दां खाली पडला आणि त्याचा खांदा गेला. तसाच एका हाताने नऊ राउंड लढला, दहाव्याला त्याच्या कोपऱ्यातल्यांनी थांबवलं. परत लढत ठरली ती सप्टेंबरातच होती बघा, पण या वेळी लामोटाच्या खांद्याला दुखापत झाली आणि ती २ डिसेंबरवर ढकलली. ती सप्टेंबरातच झाली असती तर ऑक्टोबरातलं ते विमान सेर्दांने पकडलंच नसतं. असा जर-तरचा खेळ खेळू नये म्हणतात पण मी दर वेळी खेळते.

त्याच्या मुलाचं नावही मार्सेलच, तोही बॉक्सर झाला. आणि १९८३ मध्ये या दोघांच्या प्रेमावर फ्रेंच सिनेमा निघाला त्यात सेर्दांचं काम या मुलाने केलं, म्हणजे स्वतःच्या वडलांचं, तेही आईला सोडून दुसऱ्या बाईच्या प्रेमात पडलेल्या वडलांचं. मला तर विचार करूनच कसंतरी होतं.

नाव-गाव न देता एक वाचिका: सगळे या प्रेमाचे गोडवे गातात. त्या सेर्दांला बायको आणि तीन मुलं होती ना? तिचं काय? तिच्यावर कोणी स्तोत्र का नाही लिहिलं?

बरोब्बर. हा प्रश्न कोणीतरी विचारायलाच हवा होता आणि मी याचं लखलखीत उत्तर देणार नाहीये कारण माझ्याकडे ते नाही.

बायकोचं नाव मारिनेत, ती मुलांना घेऊन कासाब्लांकाला राहायची. पिआफ आणि सेर्दां यांचं तेव्हा उघड गुपित होतं, म्हणजे पत्रकारांना सगळं माहीत आणि छापायचं जपून. दोघांची एकमेकांना लिहिलेली पत्रं पुढे २००२ मध्ये पुस्तक होऊन आली. वाचणाऱ्याला वाटतं की हे खरंच होतं, आणि त्याच वेळी कासाब्लांकात बसलेली ती बाई पण डोळ्यांसमोरून हलत नाही.

पण त्यानंतर जे झालं ते कोणत्याही मालिकेत लेखकाने लिहिलं तर आपण हसू. सेर्दां गेल्यावर पिआफ आणि मारिनेत भेटल्या आणि त्यांची चक्क मैत्री झाली, पिआफने तिला आणि मुलांना पॅरिसला आणून स्वतःकडे ठेवलं, पैशाची मदत केली. आता हे प्रेम होतं, अपराधी वाटणं होतं (विमानाने ये म्हणणारी तीच होती ना) का दोघींनाच कळणारं काही होतं, देव जाणे. त्या काळात पिआफ घरात टेबलाभोवती बसून सेर्दांच्या आत्म्याला पण बोलवायची, आपल्याकडे प्लँचेट करतात तसलंच. बोलावणारी एवढी मोठी गायिका पण त्या टेबलापाशी तिची अवस्था कुठल्याही विधवेसारखीच, फरक इतकाच की विधवा म्हणून घ्यायचा हक्क दुसरीचा होता.

नाशिकहून एक वाचक: उच्चार पिआफ की पियाफ? आणि ती फुटपाथवर जन्मली होती हे खरं का?

दोन्ही चालतं, फ्रेंच माणूस घाईत 'प्याफ' म्हणतो. पण अर्थ ऐका: पॅरिसच्या बोलीत पिआफ म्हणजे चिमणी! खरं नाव एदित जोव्हाना गासियाँ. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी एदिथ कॅव्हेल नावाच्या ब्रिटिश नर्सला गोळ्या घातल्या त्याला दोनच महिने झाले होते, म्हणून तिचं नाव ठेवलेलं. १९३५ मध्ये लुई लेप्ले नावाच्या क्लबमालकाने तिला रस्त्यावर गाताना ऐकलं, उंची पावणेपाच फुटाच्या आसपास, अंगावर मांस नाही, आवाज मात्र पार पलीकडच्या गल्लीत जाईल असा. त्याने नाव ठेवलं 'ला मोम पिआफ', आपल्या भाषेत चिमणी पोर. पुढच्याच वर्षी लेप्लेचा खून झाला, पोलिसांनी हिलाही चौकशीला बसवलं, पेपरात नाव बदनाम, करिअर सुरू व्हायच्या आधीच संपल्यात जमा. त्यातून वर आली.

फुटपाथचं म्हणाल तर बेलव्हिल भागात ७२ नंबरच्या घराच्या भिंतीवर तशी पाटी आहे, या पायऱ्यांवर तिचा जन्म झाला म्हणून. आणि जन्मदाखल्यावर हॉस्पिटलचं नाव आहे. पाटीचे फोटो काढायला लोक जातात, दाखल्याचे कोण काढतंय. तसं बघितलं तर तिला फुटपाथची गरजच नव्हती, बाप रस्त्यावर कसरती करणारा, आई क्लबात गाणारी आणि पोरीला टाकून गेलेली, सांभाळलं नॉर्मंडीतल्या आजीने आणि त्या आजीचा धंदा म्हणजे कुंटणखाना. लहानपणी डोळ्यांच्या आजाराने काही काळ दिसतही नव्हतं. आजीकडच्या बायकांनी तिला संत तेरेझच्या यात्रेला नेलं आणि मग दिसायला लागलं अशी दुसरी एक कथा आहे, तिच्यावर पिआफचा शेवटपर्यंत विश्वास होता.

अजून एक सांगते, हे मी कुठे लिहिलेलं वाचलं नाहीये पण डोक्यातून जात नाही. १७ व्या वर्षी तिला मुलगी झाली होती, ती दोन वर्षांची होऊन मेनिंजायटिसने गेली. तिचं नाव मार्सेल. फ्रेंचमध्ये मुलाचं मार्सेल आणि मुलीचं मार्सेल लिहितात वेगळं पण ऐकायला एकच.

पुण्याहून फ्रेंच शिकणारी एक विद्यार्थिनी: आम्हाला क्लासमध्ये 'ला व्ही आँ रोझ' पाठ करायला दिलं होतं. त्यावर संगीतकार म्हणून लुईगी असं नाव आहे, पण सर म्हणाले चाल पिआफचीच. नक्की काय? आणि तो घशातला र मला येतच नाही, काय करू?

तुझे सर बरोबर आहेत आणि कागदही बरोबर आहे. फ्रान्समध्ये गाण्याच्या हक्कांची नोंदणी करणारी एक संस्था आहे, सासेम, तिच्याकडे गीतकार वेगळा आणि संगीतकार वेगळा असा हिशोब असायचा, आणि त्यासाठी परीक्षा द्यावी लागायची. पिआफची नोंद गीतकार म्हणून, संगीतकार म्हणून नाही. त्यामुळे तिने गुणगुणून बांधलेल्या चालीवर सही करायला दुसरं कोणीतरी लागणार, ती केली लुईगीने. आणि ती सही त्याला जन्मभर पैसे देऊन गेली म्हणायला हरकत नाही, कारण गाणं लिहिलं १९४५ ला, रेकॉर्ड आली १९४७ ला, आणि आज जगात कुठल्याही फ्रेंच नावाच्या कॅफेत गेलात तर दहा मिनिटांत ते वाजतंच. आधी सही मागितली होती मार्गेरित मोनोकडे, तिने हे असलं काय म्हणून नाही सांगितलं, असाही किस्सा आहे.

आता मोनोबाईंवर मला दोन शब्द जास्तच बोलायचेत. जन्म १९०३, शास्त्रीय पियानोवाली, नादिया बुलांजेसारख्या गुरूकडे शिकलेली, आणि ती येऊन रस्त्यावरच्या पोरीसाठी चाली बांधायला लागली. 'इम्न आ लामूर' तिचं, 'मिलॉर' तिचं, त्याआधी 'माँ लेजियोनेर' तिचं. फ्रान्समध्ये तेव्हा बाईने बाईसाठी गाणी बांधायची आणि ती देशभर गाजायची ही फार रोजची गोष्ट नव्हती. 'इम्न'ची चाल परत ऐक, सुरुवातीला ती जवळजवळ बोलल्यासारखी सरळ चालते, काहीच करत नाही, आणि 'चंद्र आणीन, देश सोडीन' या भागात धापा टाकत पळायला लागते, आणि मग शेवटच्या 'देव एकत्र आणतो'ला एकदम उघडते, दार उघडावं तशी. पिआफचे शब्द तसे साधे आहेत, रडव्या बाजूला झुकणारे, ते सावरून धरलेत चालीने. आणि या बाईचं काय झालं, तर १९६० मध्ये पिआफला नवा संगीतकार मिळाला, तिने कार्यक्रमातून मोनोची बरीच गाणी काढून त्याची घातली, आणि १९६१ च्या ऑक्टोबरात मोनो अपेंडिक्स फुटून गेली. पिआफला मी कितीही मानत असले तरी हे मी तिला माफ केलेलं नाही.

र चं म्हणशील तर पिआफचा र ऐकून शिकू नकोस. तो जुन्या पॅरिसच्या गल्लीतला र आहे, घशात चार वेळा फिरवलेला, आजचे फ्रेंच लोक असा काढत नाहीत. तू तो परीक्षेत काढलास तर तोंडी परीक्षा घेणारे हसतील. गुळणी करताना पाणी कमी घेऊन बघ, माझं तसंच जमलं होतं, आई बाथरूमबाहेरून विचारायची बरं वाटत नाहीये का म्हणून.

औरंगाबादहून एक वाचक: तो स्वप्नात स्वप्न वाला इंग्लिश सिनेमा आहे ना, त्यात जागं व्हायला जे फ्रेंच गाणं लावतात ते पण हिचंच का?

हो, 'नों, ज न रग्रेत रियाँ', मला कशाचाच पश्चात्ताप नाही. सिनेमा 'इन्सेप्शन', २०१० चा, आणि त्यातला तो भोंग्यासारखा ढाँऽऽऽ आवाज आठवतो ना, तो संगीतकार हान्स झिमरने याच गाण्याची सुरुवात खूप हळू करून त्यातून उभा केलाय.

गाण्याची गोष्ट थोडक्यात. मघाशी म्हटला तो नवा संगीतकार तो हाच, शार्ल द्युमों. पिआफने त्याला आधी हाकलून लावलेलं होतं, एकदा नाही. ऑक्टोबर १९६० मध्ये तो गीतकार मिशेल व्होकेरबरोबर तिच्या घरी गेला, ती आजारी, वैतागलेली, एकच गाणं वाजवा आणि निघा असा रोख. वाजवलं. परत वाजवा म्हणाली. मग परत. त्या हिवाळ्यात तिने ते पॅरिसच्या ऑलिंपिया थिएटरात म्हटलं. थिएटर दिवाळं निघायच्या बेतात होतं, तिच्या कार्यक्रमांनी ते वाचलं. तीन-चार महिन्यांत अल्जीरियात फ्रेंच सेनापतींनी सरकारविरुद्ध बंड केलं, ते फसलं, त्यात सामील झालेली फॉरिन लिजनची (फ्रान्सची परदेशी सैनिकांची फौज) पॅराशूट रेजिमेंट सरकारने बरखास्त केली, आणि ते सैनिक बराकी सोडून जाताना हेच गाणं म्हणत गेले. एका आजारी बाईने सगळं झटकून टाकायला म्हटलेलं गाणं बंडखोर सैनिकांच्या तोंडी जाऊन बसलं. गाणं एकदा बाहेर पडलं की कोणाच्या घरी राहायला जाईल सांगता येत नाही. द्युमों मात्र ९५ वर्षं जगला, २०२४ च्या नोव्हेंबरात गेला.

पिआफ गेली ४७ व्या वर्षी, १० ऑक्टोबर १९६३ ला, दक्षिण फ्रान्समध्ये. पॅरिसच्या चिमणीने पॅरिसबाहेर मरायचं म्हणजे काय, म्हणून मृतदेह गुपचूप गाडीने रातोरात पॅरिसला आणला आणि दुसऱ्या दिवशी तिथेच वारली असं जाहीर केलं. बघा, मेल्यावरसुद्धा क्रम बदललाच. तिच्या राहणीमुळे चर्चने अंत्यविधीची प्रार्थना नाकारली, ती झाली पन्नास वर्षांनी, २०१३ मध्ये, तिच्या जन्माच्या बेलव्हिलमध्ये. पण पेर लाशेज दफनभूमीपर्यंत रस्त्यावर हजारो माणसं उभी होती. तिथे ती त्या दोन वर्षांच्या मार्सेलजवळ आहे.

डोंबिवलीहून एक वाचक: मुलीचं रिसेप्शन आहे. जावई लियाँला नोकरी करतात, त्यांचे दोन-तीन फ्रेंच मित्र येणार आहेत. त्यांच्यासाठी एन्ट्रीला 'इम्न आ लामूर' लावायचं डोक्यात आहे. पण तुम्ही मरणबिरण सांगाल म्हणून आधी विचारतोय.

काका, अभिनंदन! आणि तुमची शंका रास्त आहे, पण जपानमध्ये हे गाणं लग्नात सर्रास म्हणतात. तिकडे कोशिजी फुबुकी नावाच्या गायिकेने ते गाजवलं, शब्द लिहिले इवातानी तोकिको यांनी, आणि त्यांनी हुशारीने चोरी, देश सोडणं, मरणं हे सगळं गाळून नुसतं गोड गोड ठेवलं. अमेरिकेतही १९५४ मध्ये के स्टारने इंग्रजीत म्हटलेलं चांगलं चाललं होतं, पण ते तुमच्या उपयोगाचं नाही, फ्रेंच पाहुण्यांना इंग्रजी काय ऐकवणार.

तेव्हा असं करा. पिआफचंच १९५० चं लावा, शेवटचं कडवं सुरू व्हायच्या आत, म्हणजे देश सोडीन, मित्र सोडीन झालं की साउंडवाल्याला आवाज हळूहळू खाली आणायला सांगा. तोवर नवरा-नवरी स्टेजवर पोचतील आणि गुरुजी नाहीत म्हणजे घाई पण नाही. आपल्याकडच्या कोणाला काही कळणार नाही. त्या फ्रेंच पोरांना मात्र पुढच्या ओळी पाठ असतील आणि ती मनातल्या मनात पूर्ण करतील, त्याला तुमचा-माझा इलाज नाही. जेवायला बोलवा त्यांना लगेच, जिलेबी गरम असू दे.